‘२ घनमीटर’चा पिशवी गोबरगॅस : लेबल सोडा, शेणाचा मुक्काम मोजा

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात हल्ली रबरी वाटणारी एक फुगलेली हिरवी-काळी पिशवी हमखास दिसते. शेजारच्या शेगडीवर निळी ज्योत जळत असते आणि पाटीवर लिहिलेलं असतं, ‘२ घनमीटर बायोगॅस संच’. खड्डा खणा, पिशवी अंथरा, शेण टाका, महिन्याभरात गॅस. हे परीक्षण त्या पिशवीचं आहे. कुठल्या एका कंपनीचं नाही, कारण बाजारातले बहुतेक संच एकाच साच्यातले आहेत. पीव्हीसीचा थर दिलेलं पॉलिस्टर कापड, दोन टोकांना दोन पाइप, वर गॅसची तोटी, सोबत एक शेगडी आणि कधीकधी छोटा पंप.

निकाल आधीच सांगतो. वस्तू चांगली आहे, काळ्या जमिनीसाठी तर विशेष चांगली. विकण्याची पद्धत मात्र फसवी आहे. ‘२ घनमीटर’ म्हणजे नेमकं काय, हे पाटीवर कुठेच नसतं. रोज दोन घनमीटर गॅस मिळेल, की पिशवीत दोन घनमीटर शेणकाला मावेल, की फुगलेल्या पिशवीचं सगळं आकारमानच दोन-तीन घनमीटर आहे? या तिन्ही गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हिवाळ्यात चहा होतो की नाही ते त्यावरच ठरतं.

गोबरगॅस ही शेवटी एक रिअ‍ॅक्टरची टाकी आहे. आत कच्चा माल जातो, काही दिवस मुक्काम करतो, त्यातला काही भाग गॅस होतो आणि उरलेला बाहेर पडतो. रासायनिक कारखान्याच्या रिअ‍ॅक्टरला विचारतात तेच प्रश्न इथेही विचारायचे: माल किती दिवस आत राहतो, अभिक्रियेचा वेग काय आणि न बदलता किती माल बाहेर पडतो.

आधी साधा हिशोब. ताज्या शेणाच्या एका किलोतून ३५ ते ४० लिटर गॅस धरतात. म्हणजे रोज २ घनमीटर गॅस हवा तर ५० किलो शेण आणि तितकंच पाणी लागतं. झाला १०० लिटर काला. आपल्याकडे घरगुती संयंत्रांसाठी हवामान बघून ३०, ४० किंवा ५५ दिवसांचा मुक्काम धरण्याची पद्धत आहे. विदर्भाचा उन्हाळा पाहून ३० पुरेल असं वाटतं. पण गोंदिया-नागपूरकडच्या हिवाळी रात्री १० अंशांच्या खाली उतरतात, म्हणून ४० च धरावेत. १०० लिटर गुणिले ४० दिवस, म्हणजे नुसत्या काल्यासाठी ४ घनमीटर जागा. त्याच्या वर रात्रभराचा गॅस साठवायला किमान १ घनमीटर. थोडक्यात, रोज २ घनमीटर गॅस देणारी पिशवी फुगल्यावर एकूण ५ घनमीटरची असायला हवी.

प्रदर्शनात उभे असलेले संच मोजले तर दोन जाती सापडतात. एक साधारण ४ मीटर लांब, सपाट अंथरल्यावर २ मीटर रुंद. ही फुगली की व्यास १.२७ मीटर आणि आकारमान ५ घनमीटरच्या किंचित वर. दुसरी तितक्याच रुंदीची, पण जेमतेम २.४ मीटर लांब, म्हणजे सुमारे ३ घनमीटर. पाटी दोन्हींवर सारखीच. मीटर टेप खिशात ठेवा. सपाट रुंदीला २ ने गुणा, ३.१४ ने भागा, की व्यास आला. व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले लांबी, हे आकारमान. एवढं गणित विक्रेत्यासमोर मांडलं की पुढची बोलणी जरा सरळ होतात.

आता या दोन पिशव्यांत शेणाचं काय होतं ते बघू. ५० किलो शेणात साधारण १८ टक्के, म्हणजे ९ किलो कोरडा माल असतो. त्यातला ८० टक्के, म्हणजे ७.२ किलो, सेंद्रिय. पण तो सगळा गॅस होत नाही. जनावराने एकदा पचवून टाकलेला चारा आहे तो. लिग्निनला, म्हणजे चाऱ्यातल्या लाकडी भागाला, जिवाणू हात लावत नाहीत. पचण्याजोगा भाग ४० टक्के धरला तर उरतात २.९ किलो. खरा कच्चा माल एवढाच. उन्हाळ्या-पावसाळ्यात काल्याचं तापमान ३० अंशांच्या आसपास असताना, उरलेल्या पचण्याजोग्या मालाचा रोज ५ टक्के दराने फडशा पडतो असं मानू.

टाकी पूर्ण ढवळलेली, एकजीव असेल तर रूपांतर, म्हणजे पचण्याजोग्या मालातला किती भाग गॅस झाला ते, काढायचं सूत्र सोपं आहे: वेग गुणिले दिवस, भागिले एक अधिक तेच. ४ मीटरच्या मोठ्या पिशवीत पाऊण भाग काला धरला तर ३.८ घनमीटर, म्हणजे रोज १०० लिटरला ३८ दिवसांचा मुक्काम. ३८ दिवसांना ०.०५ ने गुणलं की १.९, म्हणून रूपांतर ६५ टक्के. याउलट माल नळीतून रांगेत चालल्यासारखा पुढे सरकत असेल, आज टाकलेला कालच्याच्या मागे, तर तितक्याच दिवसांत ८५ टक्के. जागा तीच, शेण तेच, फरक फक्त वाहण्याच्या तऱ्हेचा. एकजीव टाकीत आज टाकलेल्या शेणाचा काही भाग आजच बाहेरच्या तोंडाशी पोचतो. रांगेत ते होत नाही. लांबट पिशवीचा हा मोठा गुण आहे. तरंगत्या टोपीची विहीर किंवा दीनबंधू या विटांच्या संयंत्राचा गोल घुमट हे स्वभावाने एकजीव टाकीच्या जास्त जवळचे. पिशवी रांगेच्या जवळ जाते. पण पूर्ण रांग काही होत नाही. गॅसचे बुडबुडे वर येताना काला ढवळतात, दुपारच्या उन्हाने आत प्रवाह फिरतात. व्यवहारात चांगल्या लांबट पिशवीला तीन एकजीव टाक्या ओळीने जोडल्यासारखं समजायचं. तसं केलं तर ३८ दिवसांत रूपांतर ७७ टक्के निघतं. २.९ किलोच्या ७७ टक्के म्हणजे २.२ किलो. बायोगॅसचा घनमीटर सुमारे १.१ किलोचा. म्हणजे बरोबर २ घनमीटर. मोठी पिशवी पाटीला जागते.

लहान पिशवीत पाऊण भाग काला धरला तर २.२५ घनमीटर. रोज १०० लिटर टाकले तर मुक्काम साडेबावीस दिवसांचा. रूपांतर ६१-६२ टक्के, गॅस १.६ घनमीटर. इथपर्यंत फारसं बिघडत नाही, आणि म्हणूनच ऑक्टोबरात बसवलेली लहान पिशवी मालकाला खूश करते.

खरी गोष्ट डिसेंबरात कळते. काल्याचं तापमान २० अंशांवर आलं की वेग साधारण निम्मा होतो. मोठ्या पिशवीचं रूपांतर ५६ टक्क्यांवर येतं, गॅस दीड घनमीटरच्या किंचित खाली. लहानीचं ४० टक्के, गॅस जेमतेम १ घनमीटर. स्वयंपाकाला माणशी पाव घनमीटर धरतात. पाच जणांच्या घराला सव्वा घनमीटर हवा. मोठी पिशवी कडाक्याच्या थंडीतही ते निभावते, लहानी नाही. (हे कागदावरचं. १५ अंशांच्या खाली मिथेन बनवणारे जिवाणू फारच मंदावतात, आणि उघड्यावर पडलेल्या पिशवीत घट याहून जास्त होते.)

दुसरा धोका आणखी वाईट. लहान पिशवीच्या प्रत्येक घनमीटरवर रोज ३.२ किलो सेंद्रिय माल येऊन पडतो, मोठीच्या घनमीटरवर १.९ किलो. न ढवळलेल्या घरगुती संयंत्राला २ ते २.५ च्या पुढे नेऊ नये. गॅस बनायच्या आधी शेणाचं आम्ल बनतं, आणि आम्ल बनवणारे जिवाणू मिथेनवाल्यांपेक्षा कितीतरी चपळ असतात. मिथेनवाल्यांना दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात. मुक्काम फार आखूड झाला तर ते वाढतात त्याहून वेगाने बाहेर वाहून जातात, मागे नुसतं आम्ल साचतं आणि पिशवी फुगलेली असूनही गॅस पेटत नाही. त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो.

शेण कमी असेल तर? विदर्भातली गुरं दिवसभर रानात चरतात, हाती लागतं ते रात्रीचं गोठ्यातलं शेण. जनावरामागे ८ ते १० किलो, म्हशीमागे थोडं अधिक. ५० किलोला पाच जनावरं लागतात, ‘दोन गायी पुरे’ या जाहिरातीवर जाऊ नका. तरी मोठ्या पिशवीत रोज २५ किलोच शेण पडलं तर मुक्काम दुप्पट, ७६ दिवसांचा होतो, रूपांतर ९१ टक्क्यांवर जातं आणि गॅस १.२ घनमीटर मिळतो. शेण निम्मं, गॅस साठ टक्के. म्हणून जनावरं कमी असली तरी लहान पिशवी घेऊ नये. मोठी घेऊन अर्ध्या पोटी चालवावी.

बसवताना चुकतं ते

मोठी पिशवी घेऊनही लोक १३ दिवस गमावतात, आणि तेही एका पाइपाच्या उंचीपायी. आतली काल्याची पातळी पिशवी ठरवत नाही, बाहेर पडणाऱ्या पाइपाचं तोंड ठरवतं. १.२७ मीटर व्यासाच्या नळीत पाऊण भाग काला हवा तर हे तोंड तळापासून ८९-९० सेंटीमीटरवर असायला हवं. बसवणारा मिस्त्री ‘जरा खाली असलं की बरं निघतं’ म्हणून ते ६३-६४ वर ठेवतो. पिशवी वरून तितकीच टरारलेली दिसते, पण आत काला निम्माच, अडीच घनमीटर. मुक्काम २५ दिवसांचा झाला. बसवून झाल्यावर सुतळीला दगड बांधून पातळी मोजा, बोलण्यावर विश्वास ठेवू नका.

खड्डा ९० सेंटीमीटर खोल, वर सव्वा मीटर रुंद, तळाशी थोडा अरुंद, बाहेरच्या तोंडाकडे मीटरला २ सेंटीमीटर उतार. भिंती तिरप्याच ठेवा. भारी काळ्या जमिनीत उभी भिंत पहिल्या पावसात पिशवीवर कोसळते. तळाला मुरूम, त्यावर चाळलेली रेती ५ सेंटीमीटर, त्यावर जुनी ताडपत्री किंवा खताची रिकामी पोती. बाभळीचा एक काटा राहिला तरी जवळपास चार टन काल्याखाली तो आपलं काम करतो.

काळ्या जमिनीचा मुद्दा जरा थांबून बघायला हवा, कारण पिशवीची निम्मी बाजू तिथेच जिंकली जाते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. विटांच्या घुमटाला हे फुगणं-आकसणं सोसत नाही. भोवती मुरमाचं जाड भरण न घालता बांधलेल्या दीनबंधूला केसाएवढी चीर पडली की गॅस तिथून निघून जातो, काला राहतो, आणि मालकाला वाटतं शेणच वांझ. दीनबंधू हे १९८४ साली ‘अ‍ॅफप्रो’ (AFPRO) संस्थेने पुढे आणलेलं मॉडेल, अजूनही घरगुती संयंत्रांत आयुष्याच्या हिशोबाने त्याला तोड नाही, पण मुरमाड जमीन आणि तालमीचा गवंडी ही त्याची अट आहे. पिशवी मातीबरोबर हलते. तिला चीर पडत नाही.

तिला पाणी मात्र उचलतं. खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं आणि पिशवी अर्धवट रिकामी असेल तर ती होडीसारखी वर येते, पाइपांचे सांधे तुटतात. खड्ड्याभोवती वीतभर उंच बांध आणि एका बाजूने चर, हे पावसाळ्याआधी झालंच पाहिजे.

आत येणाऱ्या पाइपाचं टोक तळाजवळ पोचायला हवं, तळापासून ३० सेंटीमीटरवर. ते वरच संपलं तर पातळ काला पृष्ठभागावरून सरळ पलीकडे घसरतो आणि खालचा माल जागच्या जागी राहतो. पाइप १६० मिलिमीटरचा घ्या. ११० चा स्वस्त पडतो आणि चोंदतो. कालवायच्या हौदाचा तळ काल्याच्या पातळीपेक्षा किमान ३० सेंटीमीटर उंच, आणि हौदाच्या तोंडाला जाळी.

माती ही पिशवीची हळूहळू लागणारी कीड. गोठा कच्चा असेल तर शेणाबरोबर रोज मूठ-दोन मुठी माती आणि वाळू येते, तळाशी बसते आणि तिथून हलत नाही. पिशवीला तळ उघडून साफ करायची सोय नसते. पाचवा हिस्सा जागा गाळाने खाल्ली की ३८ दिवसांचे ३० होतात, बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही. हौदात कालवल्यावर पाच मिनिटं थांबा, मग वरचा काला सोडा, खाली बसलेली रेती फावड्याने काढा. गोठ्यात फरशी घालता आली तर त्याहून उत्तम.

ऊन, सावली आणि फसवी दुपार

पिशवीचा सगळ्यात मोठा दोष तापमान. विहिरीतल्या किंवा घुमटातल्या काल्याला भोवतालची माती सांभाळते. पिशवीची वरची बाजू उघडी असते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते, काळं कापड त्याहून तापतं. आपल्या कामाचे जिवाणू ३५ अंशांच्या आसपास खूश असतात. ४२ च्या पुढे त्यांचं काम बिघडतं. त्यांना एकवेळ थोडी कमी ऊब चालते, पण रोज दुपारी तापणं आणि पहाटे गार होणं चालत नाही. दिवसाला दोन-तीन अंशांहून जास्त चढउतार झाला की गॅस घटतो.

उपाय घरचाच. उन्हाळ्यात तुराट्यांचा किंवा पऱ्हाटीचा मांडव, पिशवीपासून किमान हातभर उंच, म्हणजे हवा खेळेल. टोकं बाहेरून टोचणार नाहीत अशी बांधा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मांडवाचं छत काढून टाका, दिवसाचं ऊन मिळू द्या, आणि संध्याकाळी वरून ताडपत्री व कोरडं तणीस किंवा पोत्यात भरलेलं कुटार टाका. हिवाळ्यात काला कालवायला सकाळचं गार पाणी वापरू नका. दुपारी उन्हात तापलेल्या ड्रममधलं घ्या, आणि शेणही दुपारीच सोडा.

मे महिन्याच्या दुपारी पिशवी टम्म दिसते, त्यावर जाऊ नका. २५ अंशांचा गॅस ४५ वर नेला तर तो नुसत्या उष्णतेने ७ टक्के फुगतो, शिवाय पाण्याची वाफ ३ टक्क्यांवरून साडेनऊ टक्क्यांवर जाते. तेवढ्याच फुगलेल्या पिशवीत खरा गॅस १२ टक्के कमी असतो. आणि ती वाफ रात्री पाइपात पाणी होऊन उतरते. म्हणून गॅसच्या पाइपाला मीटरला १ सेंटीमीटर उतार आणि सगळ्यात खालच्या जागी पाण्याचा सापळा लागतोच. शेगडी धापा टाकत जळते तेव्हा नव्वद टक्के वेळा पाइपात पाणीच असतं.

दाबही पिशवीची लंगडी बाजू आहे. तरंगत्या टोपीत टोपीच्या वजनाने १० सेंटीमीटर पाण्याइतका दाब सतत मिळतो आणि बायोगॅसच्या शेगड्या त्याच मापाने बनतात. पिशवीत दाब त्याच्या काही अंशाने असतो आणि पिशवी रिकामी होते तसा उतरतो. वर रेतीची पोती ठेवून थोडा वाढतो, पण तितकाच काला बाहेरच्या तोंडातून ढकलला जातो. तेव्हा संचाबरोबर १२ व्होल्टचा गॅसपंप नसेल तर तो संच अपुरा समजा. शेगडी आयएस ८७४९ या भारतीय मानकाची मागा. एलपीजीची शेगडी तशीच जोडली तर चालत नाही, बायोगॅसला जेटचं भोक बरंच मोठं आणि हवा कमी लागते.

दाब वाढला तर निसटायला बाटली असते: गॅसची नळी पाण्यात १५ सेंटीमीटर बुडवलेली. बाटली छान आहे, पण एप्रिलपासून तिच्यातलं पाणी आठवड्याभरात उडतं, आणि मग सगळा गॅस गुपचूप हवेत. पाण्यावर चमचाभर तेल टाका. किती तरी ‘बंद पडलेले’ संच एवढ्यानेच बंद पडलेले असतात.

गंधकाच्या वायूसाठी दिलेल्या गाळणीत भांडी घासायची तारेची घासणी असते. बदलताना ती लोखंडाचीच हवी, गंज चढलेली असली तर उत्तमच. चकचकीत स्टीलची काही उपयोगाची नाही.

पहिली भरणी

पिशवी आधी हवेने फुगवून शिवणींवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडा दिसला तर पिशवी परत करायची, शिवणीवर ठिगळ स्वीकारायचं नाही. मग गॅसची तोटी उघडी ठेवून १.७ ते १.९ टन शेण आणि तेवढंच पाणी, चार-पाच दिवसांत. गावात चालू संयंत्र असेल तर तिथला ३०० ते ४०० लिटर काला विरजण म्हणून आणा. याने एक-दोन आठवडे वाचतात. नंतर रोजची भरणी लगेच पूर्ण करू नका. पहिले १५ दिवस काहीच टाकू नका, मग १० किलोने सुरू करून तीन-चार आठवड्यांत ५० वर या. पहिल्या एक-दोन पिशव्यांचा गॅस सोडून द्या. त्यात हवा मिसळलेली असते, ती स्फोटक ठरू शकते. पेटवून बघायचं ते शेगडीवरच, पिशवीच्या तोटीवर कधीच नाही.

आत काय टाकू नये यावर संचाच्या पुस्तिकेत दोन ओळी असतात. विदर्भासाठी त्या अपुऱ्या आहेत. वरूड, मोर्शी, काटोलकडे संत्र्याची सालं फुकट आणि ढिगाने मिळतात, म्हणून ती टाकायचा मोह होतो. सालीतल्या तेलात लिमोनीन असतं, ते जिवाणूंना मारक आहे, आणि फळ स्वतः आम्लच. सोयाबीन-हरभऱ्याचं कुटार किंवा धानाचं तणीस तरंगतं, जाड साय धरतं, आणि पिशवीत ती फोडायला काठी जात नाही. शिवाय त्यात कार्बन फार आणि नत्र थोडं. फिनेलने धुतलेल्या गोठ्याचं पाणी नको, प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलेल्या जनावराचं शेण औषध चालू असेपर्यंत आणि नंतर आठवडाभर नको. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं खारं पाणी वापरावं लागतं. सोडियम लिटरला साडेतीन ग्रॅमच्या पुढे गेलं की मिथेनवाल्यांना त्रास सुरू होतो, आणि पाण्यातल्या सल्फेटमुळे कुजक्या अंड्याचा वास वाढतो. पावसाचं पाणी साठवता येत असेल तर मिसळून वापरा, आणि तिथे गाळणी दुप्पट वेळा बदला.

पाण्याचा प्रश्न उन्हाळ्यात येतोच. टँकरच्या गावात रोज ५० लिटर कुठून आणणार? निम्म्यापर्यंत पाण्याऐवजी बाहेर पडलेला काला गाळून परत वापरता येतो. यात फायदाही आहे. लांबट पिशवीत नव्या शेणाला सुरुवातीला मिथेनवाले जिवाणू कमी भेटतात, कारण ते मागच्या टोकाशी जमलेले असतात. परतीचा काला म्हणजे रोजचं विरजण. पण सगळंच पाणी परतीचं केलं तर क्षार आणि अमोनिया साचत जातात, आणि रांगेचा गुण जाऊन पिशवी एकजीव टाकीसारखी वागू लागते. निम्म्यावर थांबा.

बिघाड ओळखायचा कसा? सामू ६.८ ते ७.४ हवा, रसायनांच्या दुकानात कागदी पट्ट्या मिळतात. लोक बाहेरच्या काल्याला पट्टी लावतात आणि निर्धास्त होतात. लांबट पिशवीत आम्ल आधी आत येणाऱ्या टोकाशी चढतं, बाहेर दिसेपर्यंत दोन-तीन आठवडे गेलेले असतात. आतल्या पाइपात डबा सोडून तिथला नमुना घ्या. तिथे ६.५ च्या खाली गेलं तर भरणी आठवडाभर बंद, आणि थोडा खायचा सोडा पाण्यात विरघळवून रोज. चुना टोपलीने ओतू नका. चुना गॅसमधला कार्बन डायऑक्साइड शोषतो, आत पोकळी होते आणि पिशवी पिचकते.

किती माल न बदलता वाहून जातोय हे बघायची एक स्वस्त युक्ती आहे. बाहेर पडलेला काला लिटरभराच्या प्लॅस्टिक बाटलीत पाऊण भरा, तोंडाला फुगा बांधा, सावलीत ठेवा. दुसऱ्या बाटलीत ताजा कालवलेला काला, त्यात थोडा जुना मिसळून. दहा दिवसांनी दोन्ही फुगे बघा. बाहेरच्या काल्याचा फुगा ताज्याच्या निम्म्याने फुगला असेल तर मुक्काम अपुरा पडतोय: भरणी कमी करा, पातळी तपासा, गाळ साचलाय का बघा. जेमतेम उभा राहिला तर पिशवी आपलं काम करते आहे.

राखणीचं थोडक्यात: घूस खालून कुरतडते, वांदरं वरून उड्या मारतात, रानडुक्कर कुंपणाला जुमानत नाही. तारेची जाळी चारही बाजूंनी आणि जमिनीत वीतभर गाडलेली. धुऱ्यावर काडीकचरा पेटवायचा असेल तर पिशवीपासून लांब.

कोणी घ्यावी? भारी काळी जमीन, चार-पाच जनावरं, गवंडी मिळत नाही, किंवा जागा भाड्याची आणि उद्या उचलून न्यायची असेल, तर मोठी पिशवी घ्या. जमीन मुरमाड, घर स्वतःचं आणि हिशोब वीस वर्षांचा असेल तर दीनबंधूच बांधा, कारण चांगल्या पिशवीचंही उन्हातलं आयुष्य त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. लहान पिशवी, रोज १०-१५ किलोच शेण असलेलं दोन-तीन माणसांचं घर सोडलं, तर कोणीही घेऊ नये.

खरेदीआधी पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारा की हे मॉडेल अनुदानाला मान्य आहे का, आणि अर्ज संच बसवायच्या आधी द्या. बिलावर ‘२ घनमीटर’ एवढंच लिहून घेऊ नका. काल्याचं आकारमान घनमीटरमध्ये, गॅससाठी सोडलेली जागा, कापडाचं वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, शिवणीची हमी किती वर्षांची आणि पंपाची किती, हे वेगवेगळं लिहायला लावा. काल्याचा आकडा ३.८ च्या खाली आणि रोजचं शेण ५० किलो असेल, तर पिशवी कितीही देखणी असो, परत गुंडाळायला सांगा.